'दिओ पापाया' ही शिवी नाही, पण फोन 'हरवला' असं लिहून देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ठसठसलं. कोलंबियाची राजधानी बोगोता, तिथल्या चापिनेरो भागात फुटपाथवर उभं राहून नकाशा बघत होतात, मागून मोटरसायकल आली, फोन गेला. ऑफिसात सांगितलंत तर सहकारी हसून म्हणाला, 'दिओ पापाया'. अ‍ॅपने त्याचं 'पपई दिली' असं भाषांतर केलं. चौकीवरच्या माणसाने 'ऑनलाइन हरवल्याचा दाखला काढा, पाच मिनिटांत मिळतो' म्हणून बोळवण केली. तुमचे प्रश्न दोन: अपमान झाला का, आणि विम्याच्या दाव्याला तो दाखला पुरेल का. दोन्हींचं उत्तर 'नाही'. दुसरं 'नाही' जास्त महागाचं आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

सिम बंद करणं, पासवर्ड बदलणं, बँकेला कळवणं हे झालंच असेल असं धरतो.

आधी पपई उरकू. 'दार पापाया' म्हणजे समोरच्याला आपला फायदा उठवायची आयती संधी देणं. 'नो दार पापाया' म्हणजे ती देऊ नये. कोलंबियात याला गमतीने अकरावी आज्ञा म्हणतात, बायबलातल्या दहांच्या पुढची. बाहेरचे लोक इथेच थांबतात आणि अर्धा अर्थ निसटतो, कारण बारावीही आहे: 'आ पापाया पुएस्ता, पापाया पार्तिदा'. पपई पुढ्यात ठेवली की ती कापली गेलीच म्हणून समजा. अकरावी सावध राहायला सांगते, बारावी कापणाऱ्याला मोकळीक देते.

तुम्ही कंसात 'आयतं कोलीत देणं?' असं विचारलंय. नाही. कोलीत माकडाच्या हाती जातं आणि ते दिसेल ते पेटवत सुटतं. पपई कापणारा चांगला हिशेबी असतो. 'चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या'ही नाही, कारण किल्ल्या आपण विश्वासाने देतो आणि पपई बेसावधपणे. माझ्या मते सगळ्यात जवळची म्हण 'मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये'. फळाचा मऊपणासुद्धा जुळतो! फरक रोखाचा आहे. आपली म्हण खणणाऱ्याला दटावते, कोलंबियातला बोल मऊ राहिलेल्याला. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढे कागदपत्रांत तोच आडवा येणार आहे.

रूपांबद्दल थोडं. बोगोतात 'उस्तेद' म्हणजे आपलं 'तुम्ही' हे मित्रांत, भावंडांत, नवरा-बायकोतही चालतं. त्यामुळे 'नो दे पापाया' कानावर आलं तर ते औपचारिक समजू नका. 'तू' म्हणणारा 'नो देस पापाया' म्हणेल. 'दी पापाया' म्हणजे मी दिली, 'दिओ पापाया' म्हणजे तुम्ही किंवा त्याने दिली. 'पापायासो' ऐकलंत तर ती चालून आलेली नामी संधी. दुकानदार स्वस्त मालाच्या पाटीवरही तो शब्द लिहितात. आणि हे सगळं चोरीपुरतं नाही. बॉसच्या पुढ्यात स्वतःची चूक आपणहून सांगितली, शर्टावर आमटीचा डाग घेऊन ऑफिसात आलात, बचावपटूने गोलसमोर चेंडू सोडला, राजकारण्याने जुनी चिठ्ठी विरोधकाच्या हाती लागू दिली: सगळीकडे पपईच. चिडवणं हा तिथे रोजचा खेळ आहे, त्याला 'मामार गाय्यो' म्हणतात. तुमच्या सहकाऱ्याने तुम्हाला त्यात ओढलं, म्हणजे आपल्यातला धरलं. 'सी, दी पापाया' म्हणून हसा आणि सोडून द्या.

हेच वाक्य काउंटरच्या पलीकडून आलं तर मात्र हसू नका.

आता मुद्द्याची चूक. माझीही तीच, आणि पैशांत सगळ्यात महाग पडली ती हीच: चोरीला 'हरवलं' म्हणून सही करणं. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण ही सवय एका टेबलाची नाही. पलीकडच्याला चोरीची नोंद नको असते. ती तपासाला जोडली जाते, आकड्यात धरली जाते. हरवल्याच्या दाखल्याचा त्याला काहीच त्रास नाही. मग तो खांदे उडवून 'पपई दिलीत ना?' म्हणतो, तुम्ही शरमता, आणि शरमलेला माणूस मिळेल तो कागद घेऊन निघतो. पपईचा बोल इथे खरं काम करतो: चोराबद्दल चकार शब्द न निघता तुमच्याबद्दल निकाल लागतो.

दोन कागद वेगळे ओळखायला शिका. 'कोन्स्तान्सिआ दे पेर्दिदा' म्हणजे कागदपत्रं हरवल्याचा दाखला. तो पोलिसांच्या संकेतस्थळावर फुकट आणि लगेच निघतो, पण ते तुमचं स्वतःचंच निवेदन असतं, कुणी काही तपासत नाही. 'देनुन्सिआ' म्हणजे गुन्ह्याची तक्रार. तिला २१ अंकी क्रमांक पडतो. कागदावर तो क्रमांक नसेल तर तुमच्या हातात तक्रार नाही, कितीही शिक्के असोत. ऑनलाइन तक्रार केलीत तर आधी नुसती पोच येते; मजकूर तपासल्यावर क्रमांक मिळतो. पोच मिळाली म्हणजे झालं असं समजून गप्प बसू नका, मेल बघत राहा.

कुठे करायची? 'काय' (CAI) नावाच्या ज्या छोट्या पोलीस चौक्या चौकाचौकांत दिसतात, त्या तातडीच्या मदतीसाठी आहेत. तिथे लेखी तक्रार घेतली जाईल असं धरून चालू नका. पोलीस आणि फिस्कालिया (सरकारी अभियोग खातं) यांची ऑनलाइन सोय आहे, फिस्कालियाची १२२ ही लाइन आहे, आणि प्रत्यक्ष जायचं तर 'उरी' नावाची त्यांची केंद्रं. तक्रारीला शुल्क नाही. कुणी पैसे मागितले तर तो दलाल.

मजकुराबद्दल जरा कडक बोलतो. स्पॅनिशमध्ये 'से मे पेर्दिओ एल सेलुलार' म्हणजे फोन माझ्याकडून हरवला. 'मे उर्तारोन एल सेलुलार' म्हणजे तो चोरला. बोलताना लोक 'रोबारोन' म्हणतात, पण कायद्याचा शब्द 'उर्तो' आहे, तक्रारीत तोच वापरा. आणि 'मे देस्कुइदे', म्हणजे 'माझं दुर्लक्ष झालं', हे सभ्यपणा म्हणून लिहायचा मोह टाळा. आपल्याकडे 'चूक माझीच हो' म्हणायची सवय असते. विमा कंपनी तेच वाक्य अधोरेखित करते, कारण लक्ष न ठेवता सोडलेली वस्तू बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. खोटं लिहा असं मी म्हणत नाही. घडलं ते लिहा: फोन कुठे होता (हातात), तुम्ही काय करत होता, किती जण होते, कशावर आले, कुठल्या दिशेने गेले, किती वाजता, कोणत्या कायेला कोणत्या कारेराच्या कोपऱ्यावर (हे एकमेकांना छेदणारे रस्ते). मोटरसायकलवरून हिसकावून नेण्याला 'रापोनासो' म्हणतात. तो शब्द घातलात की वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

आता जे काउंटरवर कधी ऐकू येत नाही ते. कोलंबियाच्या २००० सालच्या दंडसंहितेत (कायदा क्रमांक ५९९) कलम २३९ साध्या चोरीचं आणि कलम २४० गंभीर चोरीचं. चोरी गंभीर ठरवणाऱ्या बाबींत एक अशी आहे: बळी पडलेल्याला असहाय किंवा दुबळ्या अवस्थेत आणणं, किंवा तो तशा अवस्थेत असल्याचा फायदा घेणं. म्हणजे कायदा बारावी आज्ञा उलटी वाचतो. टेबलावर विसरलेला फोन यात बसत नाही, ते ताणू नका. पण पेयात काही घालून लुटलं असेल तर हे कलम नेमकं लागू आहे, आणि तिथे 'पपई दिलीत' हे ऐकून घ्यायचं काहीच कारण नाही. (मी वकील नाही. मोठी रक्कम किंवा मारहाण असेल तर स्थानिक वकील गाठा.)

तुमच्या बाबतीत हरवल्याचा दाखला निघून गेला असला तरी सगळं संपलेलं नाही. तक्रार आजच करा आणि तीत एक वाक्य घाला: अमुक तारखेला सांगितल्यावरून दाखला काढला होता, प्रत्यक्षात घटना चोरीची आहे. दोन कागदांत विसंगती राहिली आणि ती विमावाल्याला आधी सापडली तर दावा गेलाच. बऱ्याच पॉलिसींत २४ तासांत पोलिसांकडे जाण्याची अट असते, त्यामुळे उशीर का झाला हेही लिहा. पॉलिसीत सामानाच्या विम्यात फोन धरलाय का ते मात्र आधी बघा. नसेल तर एवढी धावपळ फोनसाठी नाही, पुढच्या वेळच्या पासपोर्टसाठी शिकवणी समजा.

आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, त्यावरून फोन बंद करवताना मोबाइल कंपनी (क्लारो, मोविस्तार, तिगो, जी असेल ती) तोच प्रश्न विचारते: चोरी की गहाळ? चोरीच सांगा. क्रमांक डब्यावर असतो. नवा फोन हाती आला की स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून जो दिसेल तो कागदावर लिहून घ्या. फोनमध्येच साठवलात तर फोनबरोबर जाईल. ही चूक हमखास होते. पासपोर्टही गेला असेल तर बोगोतातला भारतीय दूतावास पोलिसांचा कागद मागणारच. आणि इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतायला चालतं, वाटेत चार दिवस लिमा बघायला नाही.

पुढच्या महिन्यांसाठी थोडं, जमेल तेवढंच. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत शिरा, दारात नाही. बॅग भिंतीच्या बाजूला, रस्त्याच्या बाजूला नाही. टॅक्सीत सिग्नलला काच वर, फोन मांडीवर नको. ट्रान्समिलेनियोच्या लाल बसमध्ये दाराजवळ उभं राहू नका: दार बंद होता होता फोन खेचून माणूस खाली उतरतो, तुम्ही आतच राहता. गर्दीतल्या खिसेकापूपणाला तिथे 'कोस्कियेओ' म्हणतात, शब्दशः गुदगुल्या. बँकेतून पैसे काढणाऱ्याचा पाठलाग करून लुटणं म्हणजे 'फ्लेतेओ'. आत उभा असलेला साथीदार बाहेर खूण करतो. म्हणून मॉलच्या आतलं एटीएम, दिवसाउजेडी, थोडी रक्कम. मोठी रोकड न्यायचीच असेल तर पोलिसांची सोबत फुकट मागता येते, आणि लोक ती मागत नाहीत याचं मला कायम नवल वाटतं. रस्त्यावर हात करून रात्री टॅक्सी थांबवू नका. 'पासेओ मियोनारिओ' म्हणजे टॅक्सीत कोंडून एटीएमवरून एटीएमवर फिरवणं, आणि ते मध्यरात्रीपर्यंत लांबवतात, कारण बारा वाजले की कार्डाची रोजची मर्यादा नव्याने सुरू होते. कार्डाची मर्यादा आजच खाली आणा.

स्कोपोलामिन, म्हणजे माणसाची शुद्ध हरपवून लुटायला वापरतात ते औषध, त्याबद्दल अफवा फार आहेत, पण खरा मार्ग बहुतेकदा पेयाचा असतो. ग्लास नजरेआड झाला की तो सोडून द्यायचा. शंका आली तर 'उर्खेन्सियास'मध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन तेच नाव घ्या आणि लघवीची तपासणी लगेच मागा. उशीर केला तर पुरावा शरीरातून निघून जातो.

एक शेवटची तक्रार, मग थांबतो. कोलंबियातले सगळे लोक ही बारावी आज्ञा मिरवतात असं समजू नका. 'एल विवो विवे देल बोबो', चलाख माणूस भोळ्याच्या जिवावर जगतो, हे वाक्य अभिमानाने म्हणणारे आहेत तसे त्यावर चिडणारेही आहेत. बायकांच्या बाबतीत कपड्यांवरून किंवा उशिरा घरी जाण्यावरून पपई काढली की तिथे आता जोरदार वाद होतो, आणि व्हायलाच हवा. अन्तानास मोकुस १९९५ मध्ये पहिल्यांदा आणि २००१ मध्ये पुन्हा बोगोताचे महापौर झाले. त्यांचा रोख या आडवाटेच्या चलाखीवरच होता. सिग्नल मोडणाऱ्यांना लाजवायला त्यांनी चौकात मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले, आणि लोकांना एकमेकांची वागणूक जोखायला अंगठा वर-खाली दाखवणारी कार्डं वाटली. सहकाऱ्यांशी गप्पा मारायच्या तर हा विषय काढा, पपईपेक्षा जास्त रंगतो.

आणि हा शब्द क्युबाला घेऊन जाऊ नका. हवानात पपईला 'फ्रुता बोंबा' म्हणतात, कारण तिथे 'पापाया' अश्लील आहे. उलट कोलंबियात कुणाच्या लग्नात 'पापायेरा आली' असं ऐकलंत तर खिसा चाचपू नका. तो कॅरिबियन किनाऱ्याकडचा ब्रास बँड.