मेकॅनिकलमध्ये पीएचडी करायची आहे, संशोधनाचं क्षेत्र कसं निवडू?

विभागाच्या यादीत थर्मल, फ्लुइड्स, सॉलिड मेकॅनिक्स, मॅन्युफॅक्चरिंग, रोबोटिक्स अशी भरपूर नावं दिसतात, त्यांतून आपलं कोणतं हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. माझी पीएचडी थर्मलमधली, म्हणजे उष्णतेच्या अभ्यासातली, त्यातही पाणी उकळण्यावरची. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पाणी उकळण्यात संशोधन ते काय, हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारला होता. १९३४ साली नुकियामा या जपानी शास्त्रज्ञाने पाण्यात बुडवलेल्या बारीक तारेतून वीज सोडली आणि तारेकडून पाण्यात किती उष्णता जाते ते मोजलं. वीज वाढवली की बुडबुडे वाढतात आणि उष्णता झपाट्याने निघून जाते. पण एका मर्यादेपलीकडे बुडबुडे एकमेकांत मिसळतात आणि तारेभोवती वाफेचं आवरण तयार होतं. वाफेतून उष्णता फार कमी जाते, त्यामुळे तारेचं तापमान एकदम शेकडो अंशांनी उसळतं. निक्रोमची तार त्यात जळून गेली, प्लॅटिनमची टिकली. नेहमीच्या हवेच्या दाबाला सपाट पृष्ठभागावर पाण्यासाठी ही मर्यादा दर चौरस मीटरला साधारण १० लाख वॅट येते. अणुभट्टीतल्या इंधनाच्या कांड्या या मर्यादेच्या बऱ्याच आत ठेवाव्या लागतात. पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा कोरल्या की मर्यादा वर सरकते, पण नेमकी कशामुळे, यावर आजही एकमत नाही. माझा प्रबंध याच खाचांवर होता.

आता माझा रोजचा दिवस सांगतो. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारांची जोडी) बसवायचं, गळती शोधायची, पाण्यात विरघळलेली हवा निघून जावी म्हणून ते आधी बराच वेळ उकळत ठेवायचं, तापमान स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग एक रीडिंग घ्यायचं. मला हे मनापासून आवडायचं. माझ्या शेजारी बसणारा मित्र याच विषयावर काम करायचा, पण त्याने पाण्याला कधी हातही लावला नाही. बुडबुड्याची कड संगणकावर कशी पकडायची, हाच त्याचा ध्यास. आमची जागा बदलली असती तर दोघांनीही पीएचडी सोडली असती. म्हणून यादी वाचताना आधी हे बघा की तुमचं मन प्रयोगात रमतं, कोडमध्ये की कागदावरच्या गणितात.

फ्लुइड्समध्ये, म्हणजे द्रव आणि वायूंच्या प्रवाहाच्या अभ्यासात, या तिन्ही प्रकारच्या माणसांना जागा आहे. रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून शांत प्रवाह खळबळीचा कसा होतो ते दाखवलं, आणि त्या खळबळीचं गणित अजून पूर्ण सुटलेलं नाही. सॉलिड मेकॅनिक्समध्ये भेगा आणि फटीग (पुन्हा पुन्हा ताण येऊन पदार्थ कमकुवत होणं) हा मोठा भाग. १९५४ मध्ये कॉमेट ही ब्रिटिश प्रवासी जेट विमानं हवेत फुटली, तेव्हा विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब दिला गेला आणि खिडकीच्या कोपऱ्याशी भेग सापडली. इथे एकेक चाचणी दिवसेंदिवस चालते, तेवढा धीर हवा. मॅन्युफॅक्चरिंगमध्ये सध्या धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगवर खूप काम चालू आहे. लेझरने वितळलेली पूड क्षणात थंड होते आणि आतल्या ताणामुळे भाग वाकतो, हे तिथलं कायमचं दुखणं. रोबोटिक्सकडे कंट्रोलचं, म्हणजे यंत्राची हालचाल हवी तशी राखण्याचं, गणित आवडत असेल तरच वळा.

ट्रायबॉलॉजीकडे, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगणाच्या अभ्यासाकडे, विद्यार्थी फारसे बघत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. बेअरिंगपासून कृत्रिम गुडघ्यापर्यंत सगळं त्यात येतं आणि हाताने प्रयोग करणाऱ्याला तिथे भरपूर वाव आहे.

दोन-तीन गाइड मनात असतील तर त्यांच्या विद्यार्थ्यांचे अलीकडचे प्रबंध मागून घ्या. प्रस्तावना आणि निष्कर्ष राहू द्या, प्रयोगाची मांडणी किंवा संगणकीय पद्धत सांगणारं प्रकरण तेवढं वाचा. पुढची चार-पाच वर्षं तुम्ही त्याच प्रकरणात राहणार आहात.