सालीतली प्रथिने मोजून ट्रिस्टेझा कळतो का?

प्रश्न : कागदी लिंबाची काही झाडे खुरटली आहेत. ट्रिस्टेझा या लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्या विषाणूमुळे सालीतली प्रथिने बदलतात असे ऐकले. सालीतली एकूण प्रथिने मोजून रोग पकडता येईल का?

उत्तर : नाही, त्यावर पैसे घालू नका. साल हे झाडाचे नत्राचे कोठारही असते. पालवी फुटताना तिथली साठवणीची प्रथिने खर्ची पडतात. उलट कुठल्याही रोगाच्या माऱ्यात कायटिनेज, ग्लुकानेज ही बचावाची प्रथिने वाढू शकतात, मग तो डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) का असेना. एकूण आकड्यातून कारण सुटे होत नाही.

शोधायचे ते विषाणूचे स्वतःचे प्रथिन. ट्रिस्टेझाचा विषाणू अंतरसालीतल्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि त्याच्या सुमारे २००० नॅनोमीटर लांब धाग्यावर बहुतांशी २५ किलोडाल्टन वजनाच्या प्रथिनाचे आवरण असते. एलायझा ही प्रतिपिंडे वापरणारी चाचणी तेच पकडते. त्यासाठी झाडाच्या चारही बाजूंच्या, नवती नुकती पक्व झालेल्या बारीक फांद्या घ्या. उन्हात ठेवू नका, पिशवीत घालून बर्फावर पाठवा. ऐन उन्हाळ्यात विषाणूचे प्रमाण घटते, त्यामुळे मे महिन्यातला ‘निगेटिव्ह’ खरा धरू नये.

प्रयोगशाळेत साल दहापट द्रावणात वाटतात. सालीतली फिनॉले प्रथिनांना चिकटून अर्क तपकिरी होतो आणि चाचणी फसते, म्हणून द्रावणात २ टक्के पीव्हीपी हा फिनॉले धरून ठेवणारा पदार्थ लागतो. सोबत निरोगी कागदी लिंबाची साल हवीच. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय आलेला आकडा कामाचा नाही.

घरी एवढे पाहा : फांदीची साल सोला. लाकडावर खाचा आणि सालीच्या आतल्या बाजूला त्यांत बसणारे उंचवटे दिसले, तर संशय पक्का. कोवळे पान उजेडात धरल्यास शिरा तुटक पारदर्शक दिसतात.

प्रश्न : रंगपूर लाइम खुंटावरच्या मोसंबीची खुंटाची साल खपल्या होऊन सुटते. डिंक येत नाही, एलायझा निगेटिव्ह आहे. मग रोग कोणता?

उत्तर : एक्झोकॉर्टिसचा दाट संशय आहे. याचे कारण विषाणू नसून व्हायरॉइड आहे : सुमारे ३७१ न्यूक्लिओटाइडांचे आरएनएचे कडे. ते एकही प्रथिन बनवत नाही, तेव्हा प्रतिपिंडाने पकडायचे तरी काय? आरएनएच ओळखणारी आरटी-पीसीआर चाचणी करून घ्या. हा रोग डोळकाडीतून आणि कात्रीतूनही पसरतो. प्रत्येक झाडानंतर कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. नुसते तापवून भागत नाही.