पुनरुत्थान, जवाहरबाग आणि आमचे थोरले काका

प्रश्न असा आहे : "ईस्टरला येशू पुन्हा जिवंत झाला एवढं माहीत आहे. पण ख्रिस्ती श्रद्धेत त्याचा नेमका अर्थ काय? आपल्या पुनर्जन्मासारखंच असतं का ते? आणि शेवटी सगळे उठणार असतात म्हणूनच ख्रिस्ती लोक माणसं जाळत नाहीत, पुरतात का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं इथे बरेच जण देतील. मी लिहितेय ते तिसऱ्यासाठी. कारण आमच्या पप्पांना आम्ही पुरलं नाही, ठाण्यात जवाहरबागेच्या स्मशानात नेलं. आणि तुम्ही अगदी सहज विचारलेला हा प्रश्न आमच्या थोरल्या काकांनी मला फोनवर ओरडून विचारला होता.

आधी तुमचं काम. पुनर्जन्म नाही. पुनर्जन्मात आत्मा जुना देह टाकून नवा घेतो. इथे देह टाकून देण्याजोगा मानलेलाच नाही. तोच माणूस, त्याच देहासकट, पण मरण पुन्हा ज्याला शिवणार नाही असा उठतो. लाजरसची गोष्ट ऐकली असेल, येशूने त्याला कबरेतून हाक मारून बाहेर बोलावलं. तो उठला खरा, पण पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. येशूचं तसं नाही. म्हणून ईस्टर ही 'मेलेला माणूस वाचला' अशी चमत्काराची बातमी नव्हे. मरणाची सत्ता मोडली आणि ती आपल्या सगळ्यांसाठी मोडली, असं आम्ही मानतो. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, म्हणजे इ.स. 55 च्या आसपास, हे सरळ सांगून टाकलंय : ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना आमचा एक मावसभाऊ दर ईस्टरला जेवणाच्या टेबलावर "ते प्रतीक आहे, तो शिष्यांच्या आठवणीत जिवंत राहिला" असं सुनावतो. आठवणीत तर आमची आजीही जिवंत आहे, तिच्यासाठी कुणी रात्री दोन तास मेणबत्ती धरून उभं राहत नाही.

शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या त्याच्या चरित्रांतला, उठलेला येशू अगदी विचित्र आहे, आणि मला तो तसाच आवडतो. त्याच्या शिष्येला, मग्दालीया मरियेला, तो आधी माळी वाटतो. बंद दारं असताना तो खोलीत येऊन उभा राहतो, म्हणजे आपल्यासारखा देह नाही. पण हातापायांच्या जखमा दाखवतो, आणि लूकच्या शुभवर्तमानात तर "खायला आहे का काही?" असं विचारून भाजलेला मासा खातो, म्हणजे भूतही नाही. जखमा गेल्या नाहीत याचा मी फार विचार करते. उठवायचंच होतं तर देवाने अंग स्वच्छ, गुळगुळीत करून का नाही उठवलं? माझं उत्तर असं की जे भोगलं तेही त्याच माणसाचं असतं, ते पुसून टाकलं तर उठला तो दुसराच कुणी.

आता तिसरा प्रश्न.

आम्ही मूळचे वसईचे. पप्पा तरुणपणी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागले आणि ठाण्याचेच झाले. त्यांच्या शॉपवरची मित्रमंडळी सगळी हिंदू, दोनतीन मुसलमान. कंपनी बंद पडली, तरी ही माणसं तलावपाळीला संध्याकाळची भेटत राहिली. आणि मग एकेक जाऊ लागला. पप्पा प्रत्येकाच्या वेळी खांदा द्यायला गेले. घरी येऊन आंघोळ करायचे, चहा घ्यायचे, आणि एकदा चहा घेताना आईला आणि मला म्हणाले, "मलाही तिथेच न्या. सगळे तिथूनच गेलेत." आई म्हणाली, "काहीतरीच काय!" ते म्हणाले, "फादरना विचारलंय मी. चालतं."

आणि चालतंच. कॅथलिक चर्चने दहनाला 1963 मध्ये परवानगी दिली. त्याआधी 1886 पासून बंदी होती, पण तिचं कारण बघा. त्या काळात युरोपात काही मंडळी मुद्दाम 'देहाचं पुनरुत्थान वगैरे काही नसतं' हे दाखवायला दहनाचा पुरस्कार करत होती. भांडण आगीशी नव्हतं, हेतूशी होतं. 1983 च्या धर्मविधिसंहितेतही, म्हणजे चर्चच्या कायद्यात, तेच आहे : दफन अधिक पसंत, पण दहनाला मनाई नाही, श्रद्धा नाकारण्यासाठी ते निवडलं नसेल तर.

पप्पा गेले तेव्हा चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, झाली, शवपेटी वेदीसमोर होती, सगळं रीतसर. मग गाडी दफनभूमीकडे न वळता जवाहरबागेकडे वळली. तिथे आमच्यापैकी कुणालाच काही कळेना. नोंद कुठे करायची, पेटी ठेवायची की काढायची, कुणाकुणाला आत जाता येतं. आईला आणि मला बघून कर्मचारी जरा थबकला. मग त्याने विचारलं, "विधी कोणता?" फादर म्हणाले, "माझा." पुढचं सगळं पप्पांच्या कंपनीतल्या दोघा काकांनी हातात घेतलं. त्यांना तिथला कोपरा न् कोपरा पाठ होता. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली, आम्ही 'आमेन' म्हटलं आणि मागे उभ्या असलेल्या मंडळींनी 'राम' म्हणायला तोंड उघडून मध्येच मिटलं. मला तर त्यांनी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याच दोघांनी मडकं आणून दिलं. "खाडीत सोडायचं की नाशिकला?" मी म्हटलं, "दोन्हीकडे नाही." चर्च राख विखरू देत नाही, पाण्यात सोडू देत नाही, घरात ठेवू देत नाही. 2016 मध्ये व्हॅटिकनने हे पुन्हा लिहून दिलंय. राख म्हणजेही त्या माणसाचा देहच, तो पवित्र जागी ठेवायचा. मग मी वसईला फोन केला. आजोबांची कबर तिथे, घराण्याची जागा, म्हटलं तिथेच ठेवू.

थोरले काका अंत्यविधीला आलेच नव्हते. फोनवर पहिलं वाक्य : "भाऊ जाळलास माझा?" दुसरं : "दर रविवारी 'देहाचं पुनरुत्थान' म्हणतेस ना श्रद्धांगीकाराच्या प्रार्थनेत? आता उठणार काय त्याचं, धूर?" मी कबरीचं विचारलं तर म्हणाले, "राखेला थडगं कशाला?" हे मला आजवर समजलेलं नाही. राख उठणार नाही म्हणून रडायचं, आणि तीच राख बापाच्या शेजारी ठेवायलाही नकार द्यायचा! शेवटी ठाण्यातच दफनभूमीच्या भिंतीत एक निश, म्हणजे अस्थी ठेवायचा कोनाडा, मिळाली.

आणि त्याहून लागलं ते पुढचं. "त्याने असं सांगितलं होतं याला साक्षीदार कोण? तू आणि तुझी आई?" काकांनी हे पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात विचारलं, हे विशेष. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेची बातमी पहिल्यांदा आणतात त्या बायका. लूक लिहितो की प्रेषितांना, म्हणजे येशूच्या जवळच्या शिष्यांना, ती निव्वळ बडबड वाटली, त्यांनी विश्वास ठेवला नाही. त्या काळात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. कुणी बनावट गोष्ट रचली असती तर साक्षीला बायका उभ्या केल्या नसत्या, हा युक्तिवाद मी प्रवचनात ऐकलाय, काकांनीही ऐकलाय. मान डोलावली असेल तेव्हा.

तेव्हा फोनवर मला काही सुचलं नव्हतं. आता सुचतं, म्हणून लिहिते.

इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लिआँ शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. मारून झाल्यावर त्यांचे देह जाळले आणि राख रोन नदीत लोटली. का? तर यांना पुनरुत्थानाची आशा उरू नये म्हणून. म्हणजे 'राख झाली की उठणं संपलं' ही समजूत मारणाऱ्यांची होती. चर्चने त्याच लोकांना हुतात्मे म्हणून मान दिला. जोन ऑफ आर्कला 1431 मध्ये जिवंत जाळलं, तिची राखही सेन नदीत टाकली, आणि 1920 मध्ये तिला संतपद मिळालं. तिच्यापाशी कुठली कबर होती?

इतकं लांब कशाला, ठाण्याचंच घ्या. 1321 मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले : तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. जॉर्डन नावाच्या डॉमिनिकन साधूने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. सोपारा म्हणजे आपला नालासोपारा, काकांच्या गावाच्या अंगणातलाच. थोड्याच वर्षांत ओदोरिक नावाचा प्रवासी आला, त्याने हाडं उकरली आणि जहाजातून चीनला नेली. मेले ठाण्यात, पुरले सोपाऱ्यात, अस्थी चीनमध्ये. देवाला पत्ता सापडणार नाही असं म्हणायचंय का?

काका गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला भक्तिभावाने जाऊन आले आहेत. त्या संताचा उजवा हात कोपरापासून खाली रोममध्ये आहे, 1614 मध्ये कापून पाठवलेला. तिथे त्यांना अडचण वाटली नाही.

आणि आपल्या दफनभूम्यांचं काय? मुंबई-ठाण्यात जागा आहे कुठे? काही वर्षांनी कबर उघडतात, उरलेली हाडं निशमध्ये जातात आणि त्या खड्ड्यात दुसरा माणूस जातो. आजोबांच्या कबरीतही तीन पिढ्या आहेत. मातीला जे करायला वर्षं लागतात ते आगीने काही तासांत केलं, फरक एवढाच. पौल म्हणतो ना, दाणा पेरता तेव्हा पुढे उगवणारं रोप पेरत नाही, नुसता दाणा पेरता. देव त्याला हवं ते शरीर देतो. पुनरुत्थान आपण काय जपून ठेवलं यावर टेकलेलं असेल, तर ते देवाचं काम राहिलं कुठे? गोदरेजचं कपाट झालं ते.

तर, प्रश्न विचारणाऱ्या ताई किंवा दादा : नाही, उठायला सोपं जावं म्हणून आम्ही पुरत नाही. येशूला पुरलं होतं म्हणून, आणि देह देवाच्या घरचा म्हणून त्याला मानाने ठेवतो. पसंती दफनालाच आहे, ते मी लपवत नाही. माझं स्वतःचंही अजून ठरलेलं नाही.

थोडं सांगायचं राहिलं. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, कॅटेकिझमच्या (चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या) वर्गापलीकडे. वर जे आहे ते कॅथलिकांचं. ऑर्थोडॉक्स परंपरेत दहन मानत नाहीत, प्रॉटेस्टंटांमध्ये बहुतेक ठिकाणी ते घरच्यांवर सोडलेलं असतं. राखेच्या नियमातही व्हॅटिकनने 2023 च्या डिसेंबरात थोडी ढील दिली : त्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागी राखेचा छोटासा अंश ठेवायला परवानगी मिळू शकते, पण चर्चला विचारून. मला हे कळलं तेव्हा तलावपाळीचा कट्टा आठवला, पण असा अर्ज कुणाकडे करायचा?

अर्थ खरंच समजून घ्यायचा असेल तर माझ्यासारखीचं लांबलचक उत्तर वाचण्यापेक्षा ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री एखाद्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसा, कुणी हटकत नाही. दिवे बंद असतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात, आणि ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे टोचलेले. त्या एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या लागत जातात. मग वाचनं बरीच लांबतात, उत्पत्तीपासून सुरुवात होते, लहान मुलं झोपतात. ग्लोरियाच्या स्तोत्राला घंटा वाजल्या की उठतात. मराठी मिस्सा कुठे आणि किती वाजता ते आधी विचारून घ्या. तारीख दरवर्षी बदलते : 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. 2025 मध्ये 20 एप्रिल होती, 2026 मध्ये 5 एप्रिल. आणि आदल्या शुक्रवारी शेजाऱ्यांना 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवू नका, शुभेच्छा रविवारी.

थोरल्या काकांकडून दर ईस्टरला मार्झिपॅनची अंडी येतात, आम्ही इकडून केक पाठवतो, विषय कुणी काढत नाही. त्यामुळे ख्रिस्ती असा, हिंदू असा, एक काम आजच करा. घरातल्या मोठ्यांना कसं जायचंय ते विचारा आणि त्यांच्याच अक्षरात कागदावर लिहून घ्या, खाली सही, तारीख. सहीच्या बाजूला साक्षीदार म्हणून एखादा पुरुष घ्या. काका मंडळींना ते बरं वाटतं.