मधले पद फोडण्यापूर्वी

सांगलीत नववी-दहावीच्या मुलांना बरीच वर्षे गणित शिकवत आल्यामुळे तुला आग्रहाने सांगतो, की वर्ग त्रिपदीचे अवयव पाडताना अंदाजाने कंस मांडत बसू नकोस. आधी सर्व पदांत सामाईक असणारा अवयव बाहेर काढ. १२क्ष² + २२क्ष − ७० मधून २ काढला, की ६क्ष² + ११क्ष − ३५ एवढेच उरते.

आता पहिल्या पदाचा सहगुणक आणि स्थिर पद यांचा गुणाकार कर. तो −२१० येतो. आता मधले पद फोडण्यासाठी अशा दोन संख्या शोधायच्या, ज्यांचा गुणाकार −२१० आणि बेरीज मधल्या पदाचा सहगुणक ११ येईल. गुणाकार ऋण असल्याने शोधायच्या दोन संख्यांची चिन्हे भिन्न असणार, म्हणजेच ज्यांच्यात ११ चा फरक आहे अशी २१० ची जोडी हवी. बहुतेक मुले १ आणि २१० पासून सुरुवात करतात व मध्येच कंटाळतात. त्याऐवजी वर्गमुळाजवळच्या १४ आणि १५ पासून बाहेर सरकलास, तर पुढचीच जोडी १० आणि २१ ही मिळते. मग ६क्ष² + २१क्ष − १०क्ष − ३५ असे लिहून दोन-दोन पदांचे गट केल्यावर ३क्ष(२क्ष + ७) − ५(२क्ष + ७), म्हणजे (२क्ष + ७)(३क्ष − ५) मिळते. दुसऱ्या गटातून −५ काढताना −३५ चे +७ होते, आणि चिन्हाची चूक सर्वाधिक वेळा इथेच होते, म्हणून कंस गुणून पडताळा घेच. मूळ राशीचे उत्तर लिहिताना बाहेर काढलेला २ विसरू नकोस.

जोडी सापडतच नसेल, तर विवेचक काढ, म्हणजे मधल्या सहगुणकाच्या वर्गातून पहिला सहगुणक आणि स्थिर पद यांच्या गुणाकाराची चौपट वजा कर. येथे तो १२१ + ८४० = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग आहे; क्ष² + ५क्ष + ३ चा मात्र १३ येतो, आणि १३ पूर्ण वर्ग नसल्याने तिथे परिमेय सहगुणकांचे अवयव मिळणारच नाहीत.