रेंज ४८९ ची, कव्हर पंधरा लाखाचं

सिंहगड रोडवरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात सांगतो. वय ४१, चाकणला नोकरी, हातात महिन्याला १ लाख १५ हजार, मिसेस घरी ट्यूशन घेतात त्याचे पंधरा. सगळा खर्च जाऊन तीसेक हजार उरतात. घराचं कर्ज २९ लाख बाकी, हप्ता ३८ हजार. मुलगी येत्या नोव्हेंबरात दहाची होईल. आई-बाबा देवरुखला, वर्षातून सहा-सात चकरा होतात, गणपती, शिमगा, मे महिना, दिवाळी आणि मध्येच बाबांची तब्येत. घरी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किमी झालीये, त्रास काही नाही. आता ४५ किलोवॅट-अवर बॅटरीची नेक्सॉन ईव्ही घ्यायचीय, ऑनरोड १७ लाख, त्यातले ५ लाख एफडी मोडून आणि १२ लाख कर्ज, सात वर्षांचं. प्रश्न असा: "४८९ किमी रेंज लिहिलीये ती हायवेला खरी किती मिळेल, देवरुख एका चार्जमध्ये होईल का? पेट्रोलच्या वाचलेल्या पैशात हप्ता निघेल असा हिशोब केलाय, शिवाय ऑफिसात कळलं की व्याजावर दीड लाखाची टॅक्स सूट आहे." आणि एकदम शेवटी, जाता जाता सांगावं तसं: "बाकी सेव्हिंगचं टेन्शन नाही, २०२२ पासून वर्षाला दीड लाखाची पॉलिसी चालू आहे, मुलीच्या शिक्षणाचं त्यातच झालं. टर्म इन्शुरन्स वगैरे घेतलेला नाही, पैसे परत येत नाहीत म्हणून."

ही शेवटची ओळ वाचून मी पत्र परत पहिल्यापासून वाचलं. पण तुम्ही विचारलंय गाडीचं, तर आधी गाडी.

एका चार्जमध्ये देवरुख होणार नाही. ४८९ हा आकडा खोटा नाहीये, पण तो रस्त्यावरचा नाही. ही चाचणी एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची, रोलरवर होते, कमाल वेग ताशी ९०, सरासरी तीसच्या आसपास, एसी बंद. आपल्याकडे कोथरूडला एआरएआयच्या टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या अर्ध्या पुण्याला एआरएआय हे नाव फक्त टेकडीचं म्हणून माहितीये, आणि उरलेल्या अर्ध्याला फक्त ब्रोशरमधलं. कंपनी स्वतःच सी७५ म्हणून दुसरा एक आकडा देते, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल ती रेंज, या गाडीला तो साडेतीनशे ते पावणेचारशेच्या मधला आहे. आणि तुम्ही सातारा रस्त्याला ९५-१०० ने चौघं बसून एसी लावून गेलात तर २८०-३०० धरा. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीच्या वर. मी मित्राबरोबर याच गाडीतून कोल्हापूरला गेलो होतो, कात्रजला स्क्रीनवर ३१५ दिसत होते, शिरवळला आलो, चाळीसेक किमी झाले असतील, स्क्रीनवर २३८. मित्राने गपचूप एसी एकने कमी केला आणि उजवी लेन सोडली.

लोक घाटाला घाबरतात, तो एवढा वाईट नाही. आंबा घाट परतताना चढायचा म्हणजे पाचशे-साडेपाचशे मीटर, गाडी माणसं तांदळाची पोती आंब्याच्या पेट्या धरून पावणेदोन-दोन टन, तर साधारण तीन युनिट जादा लागतात, म्हणजे सपाटीवरचे वीस किमी. जाताना उतारावर त्यातले थोडे परतही मिळतात. खाते ती शेंद्रे ते कराडची सरळ रेघ. आणि बॅटरी कोणी शून्यापर्यंत नेत नाही, खाली दहा-पंधरा टक्के ठेवूनच माणूस चार्जर शोधायला लागतो, म्हणून दोन चार्जरमधलं अंतर हिशोबात सव्वादोनशे-अडीचशेच धरायचं. तुमचं देवरुख पेठ नाक्यावरून आत शिरून तीनशेच्या वर आहे. कराडला एक थांबा, पाऊण तास, जेवण होतं. एरवी काही अडचण नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र पुढे तीन गाड्या उभ्या असतील आणि चार्जरच्या दोनातली एक गन बंद असेल तर पाऊण तासाचे अडीच तास होतात, आणि मागच्या सीटवर मूर्ती. तेवढं चालत असेल तर गाडी या कामाला चालेल. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

आता हप्ता. १२ लाख, ९ टक्के, सात वर्षं, हप्ता १९,३०० च्या आसपास. तुम्ही चाकणला कंपनीच्या बसने जाता असं पत्रातच लिहिलंय, म्हणजे गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये. गावच्या सात चकरा म्हणजे साडेचार हजार किमी, पुण्यातलं साडेतीन हजार, वर्षाला आठ हजार. पेट्रोल १०४ आणि ॲव्हरेज १५ धरलं तर पंचावन्न हजार. ईव्हीला तेवढ्याला बाराशे-तेराशे युनिट, अर्धे घरी दहा रुपयांनी, अर्धे हायवेला बावीस-पंचवीसने, वीसेक हजार. वाचले पस्तीस हजार वर्षाला, महिन्याला तीन हजार. एकोणीस हजारांचा हप्ता तीन हजारांत कसा निघणार हो? त्यात सतरा लाखांच्या गाडीचा इन्शुरन्स दुसऱ्या वर्षापासून तुमच्या जुन्या गाडीच्या चार-पाचपट येईल, तीन हजारांतले बरेचसे तिथेच संपले. रोज ऐंशी किमी धावणाऱ्याला ईव्ही परवडते, उभ्या राहणाऱ्या गाडीला नाही. आणि घरी चार्ज करू म्हणताय, तर सोसायटीने परवानगी कागदावर दिलीये का, की चेअरमन लिफ्टमध्ये "बघू" म्हणाले?

टॅक्सची सूट, ती आयकराच्या कलम ८०ईईबीची, गेली. ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. तीन वर्षं झाली तरी चहाच्या टपरीवर अजून मिळते. टोल माफीचंही कोणी सांगेल, ती एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतूवर आहे, तुमच्या कोल्हापूर रस्त्याला तिचा उपयोग नाही.

इथपर्यंत ठीक होतं, महागडी हौस आहे एवढंच म्हटलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण ती पॉलिसी.

तुम्ही इलस्ट्रेशनचा, म्हणजे पॉलिसीतून किती मिळेल याच्या अंदाजी तक्त्याचा, फोटो पाठवलात हे बरं केलंत. त्यात दोन रकाने आहेत, एक ४ टक्क्यांचा, एक ८ टक्क्यांचा. नियमाप्रमाणे दोन्ही छापावे लागतात, आणि खाली बारीक अक्षरात असतं की यातला कुठलाच परतावा हमीचा नाही. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं, पंधरा वर्षांनी २०३७ ला पैसे. ८ टक्क्यांच्या रकान्यात २८ लाख, त्याला पेनाने गोल केलंय, तुम्ही केला की विकणाऱ्याने ते माहीत नाही. शेजारच्या ४ टक्क्यांच्या रकान्यात साडेअठरा लाख आहेत, त्याला गोल नाही. आता गंमत बघा, ८ टक्के हा त्यांच्या फंडाचा अंदाज, त्यातून खर्च, कमिशन, विम्याची किंमत जाऊन तुमच्या हातात त्या २८ लाखांचे पडतात साधारण ६ टक्के, आणि साडेअठराचे पडतात २. दोन टक्के. सेव्हिंग अकाउंटचा दर. ४८९ बघून तुम्ही मला खरी रेंज विचारायला एवढं मोठं पत्र लिहिलंत, ते योग्यच केलंत, मग २८ लाख बघून चार वर्षं कोणालाच काही का नाही विचारलं?

आणि मुलीचं शिक्षण म्हणताय. नोव्हेंबरात दहाची, म्हणजे बारावी २०३४ च्या आसपास. पैसे येणार २०३७ ला. इंजिनिअरिंगला गेली तर तिसरं वर्ष उरकलेलं असेल. ॲडमिशनची फी कशातून भरणार होतात? हे विकणाऱ्याने मुलीची जन्मतारीख फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलीये, वजाबाकी तेवढी करायची राहिली.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. या पॉलिसीतलं लाइफ कव्हर आहे पंधरा लाख. घराचं कर्ज २९, गाडीचं घेतलंत तर वर १२, मिळून ४१ लाखांचं देणं. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. उद्या तुम्हाला काही झालं तर मिसेसच्या हातात पंधरा लाख आणि पीएफ येतील, समोर ४१ लाख, उत्पन्न ट्यूशनचे पंधरा हजार तेही मे महिन्यात बंद, देवरुखला सासू-सासरे. आणि सहा लाखांच्या एफडीतला एकच लाख उरलेला, म्हणजे महिनाभराचा खर्च. १७ लाखांच्या गाडीचा विमा तुम्ही पहिल्या दिवशी पूर्ण किमतीचा काढणार, कारण त्याशिवाय कर्जवाले गाडी देणार नाहीत. तुमचं उरलेलं वीस वर्षांचं उत्पन्न दोन-अडीच कोटींच्या वर जातं, त्यावर पंधरा लाख.

टर्म प्लॅन म्हणजे नुसता विमा, मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे. ते परत येत नाहीत म्हणून घेतला नाही, हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. गाडीच्या इन्शुरन्सचे येतात का परत? तुमच्या वयाला, सिगरेट नसेल तर, एक कोटीचा टर्म प्लॅन साठाव्या वर्षापर्यंत साधारण वीस-पंचवीस हजारांत बसतो, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. दीड लाखात पंधरा लाखांचं कव्हर घेतलंत तुम्ही, पंचवीस हजारांत एक कोटीचं मिळत होतं. बीपीची गोळी चालू आहे लिहिलंय, ती फॉर्मवर लिहायची, प्रीमियम थोडा वाढेल, वाढू दे. "बीपी नका लिहू, उगाच अडकेल" असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून घेऊच नका, क्लेमच्या वेळी तो नसतो, मिसेस असतात.

पॉलिसीचं काय करायचं ते टर्म प्लॅन हातात आल्यावर, आधी नाही. चार हप्ते म्हणजे सहा लाख गेलेत. सरेंडर केलीत तर निम्म्याच्या आसपास, कदाचित थोडे जास्त मिळतील. पुढचे हप्ते बंद करून पेड-अप ठेवलीत तर कव्हर पंधराचं सहा लाख होईल आणि ते नि आजवरचा बोनस २०३७ ला मिळेल. दोन्ही आकडे कंपनीच्या शाखेतून लेखी मागा, एजंटच्या व्हॉट्सॲपवरून नको. मी तुमच्या जागी असतो तर बहुधा पेड-अप केली असती, पण आकडे बघितल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही. एजंट म्हणेल, "साहेब सहाच हप्ते राहिलेत." सहा हप्ते म्हणजे नऊ लाख.

हप्ता बंद झाला की वर्षाचे दीड लाख मोकळे. पंचवीस टर्मला. मग उरलेल्यातले आणि महिन्याच्या शिलकीतले थोडे घालून दहा हजारांची एसआयपी, साध्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड), २०३४ पर्यंत. दहा टक्के धरले तर साडेचौदा लाख होतात. बारा-पंधरा टक्के धरून मला परत मेल करू नका, तेही ब्रोशरच झालं. शेवटची दोन-तीन वर्षं ते हळूहळू एफडीत सरकवा. सहा लाखांच्या एफडीला हात लावायचा नाही, ती बाबांच्या तब्येतीसाठी आहे. बाबा सत्तरच्या पुढे असतील तर आयुष्मान या सरकारी आरोग्य विम्याचं पाच लाखांचं कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाहीये त्याला.

गाडी दोन-तीन वर्षं आहे तीच चालवा, ७८ हजार म्हणजे काही म्हातारी झालेली नाही. तोवर कराडच्या पुढे चार्जरही वाढतील, आणि सेकंडहँड ईव्ही चांगल्याच उतरलेल्या भावात मिळायला लागल्यात, फक्त बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला कशी लागू होते ते आधी वाचायचं. अगदीच राहवत नसेल तर घ्या, पैसे तुमचे आहेत, पण टर्म प्लॅन झाल्यावर आणि एफडी न मोडता.

एक गोष्ट मात्र दोन-तीन वर्षं थांबणारी नाही. सुकन्या समृद्धी हे मुलीच्या नावाचं पोस्टातलं बचत खातं ती दहा वर्षांची व्हायच्या आतच उघडता येतं, नंतर कितीही वशिला लावा. गेली दोनेक वर्षं दर ८.२ टक्के आहे, व्याजावर टॅक्स नाही. पैसे लांब अडकतात म्हणून सगळं यात नको, वर्षाला पन्नास हजार पुरे, आठ वर्षांत पावणेसहा लाखांच्या आसपास होतात आणि शिक्षणासाठी त्यातले निम्मे काढता येतात. मग पैसे जमत नाहीत वाटलं तर वर्षाला अडीचशे रुपये टाकून चालू ठेवता येतं, पण आधी उघडलेलं पाहिजे.

शनिवारी टेस्ट ड्राइव्ह ठरलीये म्हणता. जाऊन या, चालवायला मजा येते, मलाही आली होती. मुलीचा जन्मदाखला, तुमचं पॅन, आधार, दोन फोटो बरोबर ठेवा. आधी पोस्ट, मग शोरूम.