आधी बघा, ओटीपी जातो कोणाच्या मोबाइलवर

पाचोऱ्याचे भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठिबक आणि पीव्हीसी पाइपचं दुकान, उलाढाल तीनेक कोटी, दोन कॉम्प्युटर. हिशेबाचं सॉफ्टवेअर बारा वर्षं मशीनवरच चालत होतं, नेटशी त्याचं देणंघेणं नव्हतं. गेल्या महिन्यात अपडेट टाकलं आणि तेव्हापासून उघडलं की सॉफ्टवेअर कंपनीच्या अकाउंटचा मेल, पासवर्ड आणि वर ओटीपी मागतं. ओटीपी येतो पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर. तो वर्गात बसला की इकडे गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळतं. तुम्ही विचारता, डेटा माझा, कॉम्प्युटर माझा, पैसे मोजून घेतलेलं लायसन्स माझं, मग रोज सकाळी परवानगी कसली? आणि हे बंद करता येतं का?

पूर्ण बंद होणं अवघड आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमचा बारा आणे त्रास लॉगिनचा नाही. ज्या मेलला आणि ज्या नंबरला ते लॉगिन बांधलंय, त्याचा आहे. आणि तेवढा या आठवड्यात सुटू शकतो.

मी धरणगाव-अमळनेर पट्ट्यात जिनिंग, डाळमिल आणि आडत दुकानांचे हिशेब पंचवीसेक वर्षं बघतोय. सुरुवातीला कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला एक डोंगल लागायचं, म्हणजे लायसन्स खरं असल्याची खूण देणारी छोटी डबी. आम्ही त्याला 'लॉक' म्हणायचो. टेबल सरकवताना त्याची पिन वाकली की दिवस गेलाच. तेव्हाही आम्ही कंपनीला शिव्याच दिल्या, त्यामुळे जुनं सगळं सोन्याचं होतं असं काही मी म्हणणार नाही. फक्त एक होतं. संध्याकाळी ते लॉक शेठच्या गल्ल्यात जायचं आणि गल्ल्याची किल्ली शेठच्या करगोट्याला असायची. कोणाकडे आहे, हा प्रश्न कधी पडलाच नाही.

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो चार हंगामांपूर्वी, एका जिनिंगवर. दिवाळी होऊन गेलेली, कापसाची आवक जोरात. सकाळी सातला गेटबाहेर तीस-पस्तीस ट्रॅक्टर आणि पिकअप लागलेले. दिवाणजींनी सॉफ्टवेअर उघडलं, तर लायसन्सच्या खात्रीसाठी लॉगिन करा म्हणे. पासवर्ड त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर होता, तो चालला. मग ओटीपी. स्क्रीनवर मोबाइलचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. ते शेठचे नव्हते, दिवाणजींचे नव्हते, माझेही नव्हते. तासभर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. मग कोणाला तरी आठवलं की सहा वर्षांपूर्वी ज्या पोरानं इन्स्टॉल करून दिलं, त्यानं घाईत स्वतःचाच मेल आणि नंबर टाकला होता. तो पोरगा केव्हाच सुरतेला गेलेला, ज्या डीलरकडे तो होता त्याचं दुकानही उठलेलं. एरंडोलहून त्याच्या मामेभावाकडून नंबर काढला, तर हा कोणाच्या तरी हळदीत नाचतोय, फोन उचलायला तयार नाही. साडेबाराला ओटीपी मिळाला.

तोवर काटा थांबवून चालत नव्हतं. दिवाणजींनी जुनं पावतीपुस्तक काढलं आणि वजनं हातानं लिहिली. संध्याकाळी तीच सगळी खरेदी पुन्हा मशीनवर चढवली. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के कर खरेदीदारानंच उलट पद्धतीनं भरायचा असतो, त्याचं स्वतःच्या नावचं बिलही आपणच करायचं. म्हणजे प्रत्येक पावतीमागे दोन नोंदी. रात्रीचे अकरा वाजले. त्या दिवशी खिडकीशी उभ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलेलं अजून कानात आहे : "दिवाणजी, कापूस मना, काटा तुमना, मंग हाऊ ओटीपी कोना शे?"

तर भाऊ, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लायसन्सची माहिती दाखवणारी स्क्रीन असेल, तिथे नोंदलेला मेल आणि मोबाइल कोणाचा आहे ते बघा. मुलाचा असेल तर काम सोपं. त्याच्याकडून लॉगिन करवून मेल दुकानाच्या नावाचा करा आणि नंबर अशा सिमचा द्या, जे दुकानातच राहील. साधा बटणवाला फोन पुरतो. गल्ल्यात ठेवा, आठवड्यातून एकदा चार्ज करा आणि सिम बंद पडणार नाही इतपत रिचार्ज ठेवा, कारण बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्याच माणसाला मिळतो. पासवर्ड विसरल्यावरचा पर्यायी मेल आणि नंबर म्हणून मुलाचा राहू द्या. मालकाचं मुख्य अकाउंट मात्र रोजच्या बिलिंगला वापरू नका. काउंटरवरच्या मुलासाठी वेगळा युजर काढता येत असेल तर काढा. रोजच्या वापरातला पासवर्ड महिन्याभरात अख्ख्या गल्लीला पाठ होतो.

मेल डीलरचा निघाला, तर त्याच्याशी भांडत बसू नका, बहुतेकांनी ते वाईट हेतूनं केलेलं नसतं. खरेदीचं बिल, जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र आणि लेटरहेडवर मालकाच्या सहीचं पत्र, एवढं थेट कंपनीच्या सपोर्टला पाठवा. खरेदीचं बिल दुकानाच्या नावाचं आहे ना, हे आधी तपासा. रोखीत, कच्च्या चिठ्ठीवर घेतलं असेल तर मग जरा घोळ आहे.

आता रोज-रोज का मागतं, त्याकडे येऊ. बऱ्याच प्रोग्रामना एकदा खात्री झाली की काही दिवस नेटशिवाय चालायची सवलत असते. तरीही रोज मागत असेल, तर लॉगिनच्या वेळी 'या मशीनवर लक्षात ठेवा'सारखी खूण राहून गेली आहे का बघा. कॉम्प्युटरची तारीख चुकते आहे का तेही बघा. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपला की मशीन रोज सकाळी काही वर्षं मागे जातं आणि सॉफ्टवेअरला वाटतं की काहीतरी लबाडी चाललीय. माझ्या बघण्यातल्या दोन दुकानांत खोट एवढीच होती. आणि दोन कॉम्प्युटर असतील, तर लायसन्स ज्या मशीनवर आहे त्यालाच नेट लागतं, की दोघांना, हे सपोर्टला विचारून घ्या.

नेटचं तर विचारूच नका. हायवेच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की आमच्याकडे दोन-दोन दिवस शुकशुकाट. लॉगिनपुरतं मोबाइलचं हॉटस्पॉट पुरतं, त्याला डेटा लागतोच किती. सकाळी शटर उघडल्याबरोबर, गिऱ्हाईक यायच्या आत, हे काम उरकून घ्यायचं आणि दिवसभर प्रोग्राम बंद करायचा नाही.

काही जण तुम्हाला सांगतील की फायरवॉलमध्ये त्या प्रोग्रामचं नेटच तोडून टाका. चालतं, थोडे दिवस. मग सवलतीची मुदत संपते आणि ते नेमकं रिटर्नच्या तारखेला अडून बसतं. जुनी आवृत्ती परत टाकायचा विचारही सोपा नाही. अपडेट झाल्यावर डेटाची ठेवण बदलते आणि तो डेटा सहसा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. अपडेटच्या आधीचा बॅकअप असेल तर मागे जाता येईल, पण मधल्या महिन्याची सगळी बिलं पुन्हा टाकावी लागतील. क्रॅकबद्दल, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेल्या चोरीच्या कॉपीबद्दल, मी बोलणारच नाही. शेजारच्या तालुक्यात एका दुकानाची अख्खी खतावणी त्यापायी कुलूपबंद झाली आणि उघडायला पैसे मागितले गेले.

तुम्ही लिहिलंय की "जीएसटीचे दर बदलले म्हणून अपडेट घ्यावंच लागेल" असं डीलर म्हणाला. दर बदलले हे खरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संच १२ वरून ५ टक्क्यांवर आले, पीव्हीसी पाइप १८ वरच आहेत. पण दर म्हणजे आयटम मास्टरमधला, सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या यादीतला, एक आकडा. तो तारीख घालून हातानं बदलता येतो, त्यासाठी आख्खं सॉफ्टवेअर बदलावं लागत नाही. झालं ते झालं. पुढच्या वेळी अपडेट एप्रिलमध्ये, जुनं वर्ष मिटल्यावर, बॅकअप घेऊन, आणि तेही आधी एकाच मशीनवर.

"सरकारचाच नियम आहे, लॉगिन लागणारच" हेही कोणीतरी तुमच्या गळी उतरवलेलं दिसतं. ही तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. कंपनी कायद्याखाली १ एप्रिल २०२३ पासून, हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद न करता येणारं सॉफ्टवेअर लागतं. ते कंपन्यांना. तुमची प्रोप्रायटरी आहे, आणि त्या नियमातही विक्रेत्याच्या सर्व्हरवर जाऊन लॉगिन करा असं कुठे म्हटलेलं नाही. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागतं, तुम्ही ३ वर आहात. आणि ई-वे बिलाच्या, म्हणजे माल वाहतुकीच्या परवान्याच्या, पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दुहेरी खात्री आली, म्हणजे तिथेही ओटीपी. तो सरकारी पोर्टलचा, हा कंपनीचा. दोन्ही एकाच फोनवर येतात म्हणून एकच वाटतात. पोर्टलचा नंबरसुद्धा मुलाचाच असेल, तर तोही याच झटक्यात बदलून टाका.

सॉफ्टवेअर अडलं तर दुकान अडता कामा नये, याची तयारी फार स्वस्तात होते. छापील बिलबुक करून ठेवा. जीएसटीत हातानं लिहिलेलं बिल चालतं. नंबर सलग हवेत, १६ अक्षरांच्या आत हवेत, आणि एकापेक्षा जास्त मालिका ठेवायला मुभा आहे. बिलबुकाची मालिका वेगळी ठेवा म्हणजे मशीनच्या नंबरांशी टक्कर होणार नाही. ई-वे बिल थेट पोर्टलवर करता येतं. जीएसटीआर-१ साठी, म्हणजे विक्रीच्या रिटर्नसाठी, सरकारचंच फुकट ऑफलाइन टूल आहे, एक्सेल भरून फाइल चढवायची. पण उद्या तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर गेली, तर दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं नुसतं हाताचं बिल ग्राह्य धरलं जाणार नाही. तेव्हा त्याचा आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा नोंदणी नंबर, पोर्टलवरून काढावाच लागेल.

मला खरी काळजी वेगळीच आहे. तुम्ही लिहिता, "बॅकअप रोज घेतो, पेनड्राइव्हवर." चांगलंच आहे. पण तो बॅकअप उघडायला तेच सॉफ्टवेअर लागतं, आणि ते सॉफ्टवेअर उघडायला तेच लॉगिन. म्हणजे धान्य आपल्या कणगीत आणि झाकणाची कडी दुसऱ्याच्या घरात. जीएसटी कायद्यानं हिशेब वार्षिक रिटर्नच्या ठरल्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. २०२३-२४ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२४ चं, म्हणजे त्या वर्षाची पुस्तकं डिसेंबर २०३० पर्यंत कोणीही मागितली तर दाखवता आली पाहिजेत. तोवर ती कंपनी, ती आवृत्ती, तो डीलर असेलच, याची हमी कोण देणार? क्विकबुक्स हे हिशेबाचं सॉफ्टवेअर २०२३ मध्ये भारतातून निघून गेलं. ते पूर्ण ऑनलाइनच होतं, त्यामुळे वापरणाऱ्यांना ठरल्या मुदतीत आपला डेटा उतरवून घ्यावा लागला. तुमचं मशीनवरचं आहे, पण लॉगिन सक्तीचं झाल्यावर या बाबतीत फारसा फरक उरत नाही.

म्हणून दर महिन्याला, जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरलं की त्याच बैठकीत, किर्द, सगळ्या खात्यांची खतावणी, विक्री-खरेदीची रजिस्टरं, साठा आणि येणं-देणं, एवढं एक्सेल आणि पीडीएफ दोन्हीत काढायचं. फोल्डरला महिन्याचं नाव द्यायचं. एक प्रत दुकानात, एक घरी. अर्ध्या तासाचं काम आहे. वर्षअखेरीला तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि उधारीची यादी कागदावर छापून फाइलला लावा. आमचे एक सराफ दरवर्षी लक्ष्मीपूजनाला लाल चोपडीबरोबर हा गठ्ठाही पाटावर ठेवतात. गेल्या दिवाळीत मुहूर्तावर नवीन वर्षाची पहिली नोंद करायला त्यांनी लॅपटॉप उघडला, तर त्यानं ओटीपी मागितला. भटजीही हसले. नोंद शेवटी चोपडीतच झाली.

सॉफ्टवेअर बदलूनच टाकू का, असंही तुम्ही विचारलंय. ग्नूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नेटशिवाय चालतं, कोणतंही अकाउंट मागत नाही. पण आपल्या जीएसटी रिटर्नच्या पद्धतीसाठी ते बनलेलं नाही, बरंच काम हातानं करावं लागेल. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचं सॉफ्टवेअर मुक्त (ओपन सोर्स) आहे, आपल्याच मशीनवर बसवता येतं, जीएसटीची सोयही आहे, पण ते बसवून सांभाळणारा जाणकार माणूस लागतो आणि पाचोऱ्यात तो हाकेला मिळेलच असं नाही. शिवाय तुमच्या सीएला कोणती फाइल लागते, हे आधी विचारा. निम्मे लोक सॉफ्टवेअर बदलत नाहीत ते लॉगिन आवडतं म्हणून नव्हे, सीएला तीच फाइल हवी असते म्हणून. बदलायचंच तर १ एप्रिलला, आणि पहिले दोन महिने दोन्हीकडे नोंदी.

मला विचाराल तर यंदा बदलू नका. त्या स्क्रीनवर कोणाचा मेल निघाला तेवढं कळवा. डीलरचा असेल, तर जिनिंगच्या वेळी मी लिहिलेलं लेटरहेडचं पत्र अजून माझ्याकडे आहे, नावं बदलून तुम्हाला देतो.