टेप परत लाव

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री आला, मी सकाळी वाचला. अकरा व्हिडिओ टाकलेस, दहांना तीनशे-चारशे लोक आणि एकाला दोन लाख, आणि तो एक तुझ्या मते सगळ्यांत वाईट गायलेला. म्हणून तू विचारतेस, "काका, मायकल जॅक्सनसारखा माणूस एवढा मोठा होतो तो कशामुळे? नशीब, कंपनीचा पैसा, की टीव्ही? तसंच असेल तर मी पहाटे उठून रियाज कशासाठी करू?"

तुला गाणं येतं हे तुला ठाऊक आहे, मलाही. त्यामुळे धीराचे शब्द सोडून देतो आणि ज्याचं नाव घेतलंस त्याच्याबद्दलच बोलतो. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला लागलो तेव्हा त्याची कॅसेट बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने आणून दिली होती. रीळ गुंडाळून तुटेपर्यंत ती मी ऐकली आहे.

नशीब होतं, कबूल. पैसाही होता. पण सुरुवातीला नव्हता. इंडियाना राज्यातलं गॅरी हे पोलादाचं गाव, बाप कारखान्यात क्रेन चालवायचा, झोपायच्या दोनच खोल्या असलेल्या घरात नऊ पोरं. शाळा सुटली की तालीम. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधली हौशी कलाकारांची स्पर्धा त्यातल्या भावांनी जिंकली, 1969 मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने करार केला आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीकडची त्यांची पहिली चार गाणी ओळीने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. हा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. तालमीत बाप पट्टा हातात घेऊन बसायचा, हे त्यानेच सांगितलंय. पट्ट्यामुळे तो घडला असं तुला कुणी सांगितलं तर तिथून उठून जा. तो पट्टा बाकीच्या भावांच्याही पाठीवर होता.

कंपनी सगळ्यांना एकच होती, बाप एकच, टीव्हीही एकच. मग एकटाच का? माझं उत्तर ठरलेलं आहे आणि माझ्याजवळ बसलेल्या प्रत्येकाने ते ऐकलेलं आहे. तो टेप परत लावायचा. लोक 'झालं' म्हणायचे तेव्हा तो टेप परत लावायचा.

1982 चं घे. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत त्याच्या 'थ्रिलर' अल्बमचं काम एप्रिलपासून चाललेलं. क्विन्सी जोन्ससारखा निर्माता, ब्रूस स्विडियनसारखा रेकॉर्डिस्ट, दोघेही आपापल्या कामातले बाप. कंपनीने तारीख दिलेली, रात्रंदिवस जागून शेवटचं काम उरकलं आणि सकाळी सगळे मिळून तयार माल ऐकायला बसले. आवाज पडलेला! कारण साधं होतं. लाँग प्ले तबकडीची एक बाजू वीस मिनिटांच्या फार पुढे गेली की खाचा दाटीने कोराव्या लागतात. आवाज बारीक होतो, खर्ज पातळ होतो, ढोलाचा ठोका पोटात लागत नाही. यांनी बाजू ठासून भरल्या होत्या. पोरगा चोवीस वर्षांचा. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. ही तबकडी बाहेर जाणार नाही, म्हणाला. बाहेर कंपनीची माणसं थांबलेली आहेत, तारखा ठरल्या आहेत, जाहिराती ठरल्या आहेत, आणि हा म्हणतो जाणार नाही.

मग थोडी विश्रांती घेऊन, कान रिकामे करून, एकेक गाणं पुन्हा उघडलं. एका गाण्याचं अख्खं कडवं काढून टाकलं. सगळं नव्याने मिक्स केलं, म्हणजे वाद्यांचा आणि आवाजाचा तोल पुन्हा जुळवला. नोव्हेंबर 1982 च्या अखेरीस तबकडी बाजारात आली. नऊ गाण्यांतली सात अमेरिकेत पहिल्या दहांत गेली, अल्बम 37 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि फेब्रुवारी 1984 मध्ये त्या पठ्ठ्याने एका रात्रीत आठ ग्रॅमी घेतले. जगात सगळ्यांत जास्त खपलेला अल्बम आजही तोच. लोक हे आकडे पाठ करतात. तू त्याआधीची ती सकाळ पाठ कर.

आणि उघडायचं म्हणजे नुसतं कापत सुटायचं नाही. त्याच अल्बममधल्या 'बिली जीन' गाण्याची सुरुवात आठव. आधी ड्रम, मग ती बेसची चाल, आणि आवाज यायला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो. क्विन्सी म्हणाला, फार लांबलंय, कापू या. हा म्हणाला, नाही, तेच ऐकून मला नाचावंसं वाटतं. समोर कोण आहे बघ! ज्याच्यापुढे भलेभले गायक मान खाली घालायचे तो माणूस. तरी हा हटला नाही, कारण त्याने ते पन्नास वेळा ऐकलेलं होतं. ज्याने परत परत ऐकलंय त्यालाच अडून बसायचा हक्क असतो. एकदाच ऐकून अडून बसणाऱ्याला आपल्याकडे हेकट म्हणतात.

त्याच गाण्याचं स्विडियनने 91 वेळा मिक्सिंग केलं आणि शेवटी दुसरं घेतलं. ही गोष्ट मी सांगितली की पोरं हसतात. म्हणजे 89 फुकट गेली ना काका? अरे, फुकट कशी? दुसरं बरोबर होतं हे कशावरून कळलं असतं? ते 89 केले म्हणून ते दुसरं छातीठोकपणे पाठवता आलं. मी चिडतो इथे, नेहमीच चिडतो. तुमच्या पिढीला वाटतं की मेहनत म्हणजे पुढे जात राहणं. रोज नवं गाणं, रोज नवा व्हिडिओ. मागे वळून तेच गाणं दुसऱ्यांदा गायला तुम्हाला कमीपणा वाटतो.

मग टीव्ही? टीव्हीने मोठं केलंच. गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी एमटीव्ही वाहिनी तेव्हा दीड वर्षांची, तिच्यावर गोऱ्या रॉकवाल्यांची गर्दी आणि काळे चेहरे अगदी मोजके. 1983 मध्ये 'बिली जीन' तिथे वाजायला लागलं आणि ते दार उघडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मोटाउनच्या पंचविशीचा कार्यक्रम पॅसाडेनाला झाला, मे महिन्यात तो टीव्हीवर दाखवला. भावांबरोबर जुनी गाणी म्हणायला येतो, पण माझं नवं गाणं मला एकट्याला करू द्या, ही त्याची अट होती. तिथे तो पहिल्यांदा पाय मागे सरकवत चालला. ती चाल त्याची नव्हती. बिल बेली नावाचा टॅप नर्तक 1955 मध्ये ती करून गेला होता, रस्त्यावरची पोरं करत होती, जेफ्री डॅनियल या गायक-नर्तकाने वर्षभर आधी ब्रिटिश टीव्हीवर केली होती. याने उचलली आणि घोटली. आदल्या रात्री स्वयंपाकघरात एकटा घोटत होता.

टीव्हीवर दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी हॉलिवूडचा थोर नर्तक फ्रेड अस्टेअरने फोन करून शाबासकी दिली. पण कार्यक्रमाच्या रात्री पडद्यामागे हा उदास होता, कारण दोन्ही पायांच्या चवड्यांवर हवं तितका वेळ थांबता आलं नव्हतं. आत्मचरित्रात त्यानेच लिहिलंय हे. कोट्यवधी माणसं ती सरकती पावलं बघून वेडी झाली आणि याच्या डोक्यात ते चवडे. मग एक लहान मुलगा आला आणि विचारलं, असं नाचायला तुला कुणी शिकवलं? हा म्हणाला, सरावाने.

टीव्ही त्या रात्री त्या मंचावरच्या सगळ्यांना मिळाला होता, बाळ.

आता माझं सांगतो. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण त्याशिवाय हे पत्र अर्धं राहील.

1994. गणपतीच्या गाण्यांची कॅसेट, आठ गाणी, दोन शिफ्ट. संगीत संयोजन माझं. गाणारी मुलगी तुझ्याच वयाची, बाहेरगावहून आलेली. सातव्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात ती तार षड्जावर गेली आणि स्वर किंचित उतरला. किंचितच. मी काचेच्या या बाजूला होतो, मला कळलं. तिला तर कळलंच. तिने हेडफोन एका कानावरून बाजूला केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, एकदा परत घेऊ या?" पाठीमागे कंपनीचा माणूस घड्याळ बघत उभा. गणपती तोंडावर, कॅसेटी छापायला जायच्या. मी म्हणालो, "छान झालंय. चालेल."

चालेल. तो शब्द मी वापरला. कंपनीच्या माणसाने तोंडही उघडलं नव्हतं.

गणपतीचे दहा दिवस मी दादरला उतरायचो आणि एका मंडळाच्या कर्ण्यावर तेच गाणं. दुसरा अंतरा जवळ आला की मी पावलं उचलायचो. कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याच नाही. कॅसेट खपली, कंपनी खूश. ती मुलगी पुढच्या वर्षी आली नाही. लग्न झालं, असं ऐकलं. त्या एका टेकमुळे तिने गाणं सोडलं असं मी म्हणत नाही. पण तिने विचारलं होतं, बाळ. तिच्या कानात ते होतं जे मोठ्या माणसाच्या कानात असतं, आणि मी तिला सांगितलं की त्याची गरज नाही.

त्यानंतर मी बदललो. पुढच्या वीस वर्षांत माझ्या हातून न ऐकलेला टेक गेला नाही. तीन निर्मात्यांनी मला काम देणं बंद केलं. वेळ खातो म्हणाले, विक्षिप्त म्हणाले. घरी दोन वर्षं फार ओढाताणीची गेली, तुझ्या काकू शिकवण्या घ्यायच्या. मी चुकलो का? अनेक रात्री हा हिशोब मांडलाय. नाही चुकलो. मी मोठा झालो नाही हे खरं, पण त्या वीस वर्षांतलं कुठलंही गाणं रस्त्यात कानावर आलं तर मला पावलं उचलावी लागत नाहीत. ही मिळकत लहान आहे असं मला कुणी सांगू नये.

1 नोव्हेंबर 1996 ला तो अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला तेव्हा उधारीच्या तिकिटावर मी मागे कुठेतरी उभा होतो. त्या दौऱ्यात बरीच गाणी आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर होती, आम्हा वाजवणाऱ्यांना ते कळत होतं, आणि मला ते लागलं. खोटं कशाला सांगू. पण 'बिली जीन'च्या वेळी तो एक सुटकेस घेऊन आला. सावकाश उघडली. चमकता कोट काढला, घातला. हातमोजा काढला. मग टोपी. गाणं अजून सुरूच झालेलं नाही आणि मैदान थरथरतंय. तेरा वर्षं तेच गाणं, तोच हातमोजा, आणि तरी सुटकेसच्या कडीवरचं बोट कधी उचलायचं हे तो जोखून करत होता. मला रडू आलं. मला दोन वर्षांपूर्वीची काच दिसत होती.

त्याचं आयुष्य तुझ्यापुढे ठेवत नाही. त्याच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले, 2005 मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं, त्याच्या मृत्यूनंतर पुन्हा आरोप झाले. त्या मुलांचं म्हणणं गाण्याच्या आवाजाखाली दाबू नये, एवढं मला कळतं. मी तुला फक्त स्टुडिओतली ती सकाळ देतोय.

तू म्हणशील, त्याला डॉलर होते, महिने होते. तुला तर शिफ्टचं भाडंही नाही! आम्ही तासावर पैसे मोजायचो, रीळ पुसून परत वापरायचो. तुझ्या फोनमध्ये शंभर टेक फुकट मावतात आणि तू गाऊन झाल्यावर तासाभरात व्हिडिओ टाकतेस. तुझे अकराही मी ऐकले, प्रत्येक दोनदा. नववा चांगला आहे. पण अंतऱ्यात वर जाताना श्वास तुटलाय आणि तो लपावा म्हणून तू पंखा चालू ठेवलास. ठेवलास ना? आधीच्या आठांत पंख्याचा आवाज नाही.

दोन लाखवाल्याचं मला काही सांगता येत नाही. लोक का थांबले ते त्यांना माहीत. तू ते परत परत उघडून बघतेस ते बंद कर. उघडायचंच तर नववा उघड.

पंखा बंद करून गा. श्वास 'रे'च्या आधी घे, नंतर नको. दहा टेक कर, त्या रात्री एकही ऐकू नकोस. सकाळी चहाच्या आधी ऐक. मग जो ठेवशील तो मला पाठव. व्हॉट्सॲपवर नको, तिथे आवाज दाबला जातो आणि मला काही कळत नाही. वेव्ह फाईल ड्राइव्हवर टाक. मंगळवारी दुपारी मी घरीच आहे, हेडफोन लावून बसेन. आणि मी छान झालंय म्हणालो आणि तुला तसं वाटलं नाही, तर माझं ऐकू नकोस, परत घे.

तुझा,
काका